लाल किल्लीबद्दल कुणी बोललं नाही

आमची मोटार बनवणाऱ्या कंपनीस,



२१ वर्षं आम्ही तुमचीच गाडी वापरतो आहोत. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत पुनर्नोंदणी केली, पर्यावरण कर भरला, "आता भंगारात काढा" म्हणणाऱ्या पाहुण्यांशी वाद घातला. तेव्हा हे पत्र परक्याचं समजू नका. घरचं माणूस दुखावलं, की बोलतं. तसं बोलतो आहे.

गाडी घेतली त्या दिवशी शोरूममध्ये हार, नारळ, पेढे सगळं होतं. मॅनेजरसाहेबांनी बाबांच्या हातात किल्ल्या ठेवल्या. दोन काळ्या, एक लाल डोक्याची. फोटो निघाला. बाबांनी विचारलं, "ही लाल कशाला?" "स्पेअर आहे काका." झालं! बाबांनी तीच रोजच्या वापराला काढली, कारण झब्ब्याच्या खिशात लाल रंग चटकन दिसतो. पुढं कधीतरी ती मंडईच्या गर्दीत पडली. घरात कुणी हळहळलंही नाही. काळ्या दोन होत्याच की.

मागच्या महिन्यात त्यातल्या एकीचं डोकं फुटलं आणि आतली चिप कुठं गेली कळलं नाही. रविवार पेठेतल्या किल्लीवाल्याकडून नवी किल्ली कापून घेतली. दार उघडलं, डिकी उघडली, स्टार्टर फिरला. इंजिन लागलं आणि दुसऱ्याच क्षणी बंद पडलं. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला. तुम्ही जे २१ वर्षांत सांगितलं नाहीत, ते त्या किल्लीवाल्यानं बॉनेटला टेकून पाच मिनिटांत सांगितलं. किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून तिला वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. तो जुळला तरच इंजिन चालू राहतं. आणि नव्या किल्लीची ओळख करून द्यायची तर आधी लाल किल्ली लावावी लागते. "मास्टर आहे ना घरी?" त्यानं विचारलं.

तुमच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता सांगितलं, "मास्टर नाही? मग पूर्ण सेट बदलावा लागेल." सेट म्हणजे कोड तपासणारा इमोबिलायझर, इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, कुलूप आणि किल्ल्या. गाडी विकून जेवढे येतील, जवळपास तेवढंच एस्टिमेट. ईसीयूत काही बिघाड नाही. फक्त तो हरवलेली किल्ली विसरायला तयार नाही. मी आरसी बुक, आधार कार्ड, विम्याचा कागद सगळं टेबलावर मांडलं. "कागद बरोबर आहेत सर, पण गाडीला कागद कळत नाहीत."

कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. युरोपात १९९८च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चोऱ्या रोखायच्या तर असलं काही हवंच. माझं दुखणं वेगळं आहे. पुढच्या गाड्यांमधून तुम्ही ही लाल किल्ली काढून टाकलीत. ग्राहकाला कोडचं कार्ड दिलंत, नवी किल्ली वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवरून जोडता येऊ लागली. म्हणजे अडचण तुमच्या ध्यानात आली होती. मग जुन्या गिऱ्हाइकांना एक ओळ का नाही कळवलीत? "लाल किल्ली वापरू नका, जपून ठेवा." एवढंच. मोफत तपासणी शिबिराचे मेसेज मात्र कधी चुकले नाहीत.

आता उरलेली एक काळी किल्ली बाबा रात्री उशाखाली ठेवतात. सेट बदलायचा की गाडी काढायची, अजून ठरत नाही. परवा त्यांनी भिंतीवरून तो फोटो उतरवला, चष्मा पुसला आणि तळहातावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "माझ्याच हातून गेली रे." ८० वर्षांचा माणूस तुमच्या चुकीची माफी मला मागतो आहे, हे माझ्याच्यानं बघवत नाही.

म्हणून दोन मागण्या. अशा जितक्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांच्या मालकांना कळवा. कुणाची तरी लाल किल्ली अजून कपाटात असेल. आणि बाबांना चार ओळींचं पत्र लिहा, की चूक त्यांची नव्हती. पत्ता शोधावा लागणार नाही. दर दसऱ्याला तुमचं शुभेच्छापत्र बरोबर घरी पोचतं.

आपला,
एक जुना ग्राहक