शेफच्या टोपीपलीकडे

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला निघालेल्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर शेफची उंच पांढरी टोपी असते. अभ्यासक्रमात मात्र स्वयंपाकाच्या बरोबरीने फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग आणि सर्व्हिसही शिकावी लागते, आणि माझ्या मते विद्यार्थ्याचा खरा कस लागतो तो हाउसकीपिंगमध्येच. चादर सुरकुती न ठेवता ताणायची, कोपरे दुमडून खोचायचे, बाथरूम लख्ख करायचं, आणि हे सगळं पाहुणा परतायच्या आत. घरी कधी केर न काढलेल्या मुलांना हे मन लावून करायला शिकवणारं शिक्षण मला फार मोलाचं वाटतं. हे शिक्षण काही नवं नाही; मुंबईत दादरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झाली. देशातली अशी ती पहिली. तरी ‘एवढी फी भरून वेटर होणार का?’ हा नातेवाइकांचा प्रश्न काही सुटत नाही. विचारायचंच तर ट्रेनिंगबद्दल विचारा. मुलं कित्येक आठवडे हॉटेलात राबतात, तेव्हा त्यांना सगळ्या खात्यांत फिरवतात, की स्वस्तातले हात म्हणून एकाच जागी जुंपतात? प्रवेशाआधी कॉलेजच्या गेटवर थांबून शेवटच्या वर्षाच्या मुलांकडूनच याचं उत्तर घ्यावं; माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं.