मांजराचं पोट म्हणजे कचऱ्याची बादली नव्हे



आज पाण्याच्या पातळीचं, ठेक्याचं किंवा भावाचं बोलायचं नाही. आज मांजराचं बोलायचंय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

निसरपूरच्या आपल्या घरांत मांजर शोभेला नसतं. जाळं वाळत घातलं की माशाच्या वासाने उंदीर येतोच, आणि एका रात्रीत जाळ्याची चाळण करून जातो. २०१९ ला सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, जुनं गाव पाण्यात गेलं, आपण वसाहतीत आलो. सामान आणलं, जाळी आणली. आमची मांजरं मात्र मागेच राहिली. मांजर माणसापेक्षा घराला धरून असतं म्हणतात, ते तेव्हा पटलं. मांजर नसलेल्या घरात जाळं कसं टिकतं, तेही तेव्हाच कळलं.

मग नवी मांजरं आणली. पण त्यांना आपण खायला काय घालतो? मासा साफ केला की आतडी, कल्ले, खवले तिच्यापुढे. संध्याकाळपर्यंत न विकलेला, वास मारणारा मासाही तिलाच. वर म्हणायचं, "मांजरच ते, तिला सगळं पचतं." हे वाक्य आम्हीही वर्षानुवर्षं बोललो. आता आमचं स्पष्ट मत आहे, की ते चूक आहे.

आमच्याकडची मनी शहरातून आली होती, दूध-भात आणि पाकिटातल्या दाण्यांवर वाढलेली. आल्या दिवसापासून तिला कच्च्या माशाची आतडी घातली. तिसऱ्या दिवशी उलट्या, चौथ्या दिवशी जुलाब. आम्ही शहाण्यासारखं ठरवलं, दोन दिवस उपाशी ठेवू, पोट साफ होईल. जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हालाच झापलं. माणसाचा उपास मांजराला चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर तिच्या यकृतात चरबी साचते आणि त्यानेच ती दगावू शकते. मनी वाचली, पण चूक आमची होती.

तेव्हापासून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, कच्चा मासा रोज नको. कॉमन कार्प, म्हणजे आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो, तो आणि त्याच्यासारखे बरेच मासे कच्चे असताना त्यांच्यात असा घटक असतो जो बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतो. आतड्यांत तो जास्त. असा मासा रोज खाऊन मांजर आधी खाणं सोडतं, मग चालताना लडखडतं, मान छातीकडे झुकते, शेवटी झटके येतात. लोक म्हणतात विष घातलं. विष कोणी घातलेलं नसतं. मासा उकडला की हा घटक मरतो. गोठवून मात्र मरत नाही.

दुसरी गोष्ट, बर्फाच्या पेटीतला मासा म्हणजे गोठलेला मासा नव्हे. माशातले किडे मारायचे तर उणे २० अंशावर सात दिवस ठेवावा लागतो. आपल्या पेटीत तेवढी थंडी नसते. आणि तेवढ्या थंडीतही जंतू सगळे मरत नाहीत.

तिसरी गोष्ट, खाणं एकदम बदलू नका. नाजूक पोटाच्या मांजराला तीन भाग जुनं खाणं आणि एक भाग नवं, असं तीन-चार दिवस द्या. शेण घट्ट राहिलं तर अर्धं-अर्धं करा, मग तीन भाग नवं. पातळ झालं तर एक पायरी मागे या. दोन-तीन आठवडे लागले तरी लागू द्या. एका वेळी एकच जातीचा मासा, थोडा-थोडा, दिवसातून तीन-चारदा. मासा बिनकाट्याचा, बिनमिठाचा, उकडलेला. उकडलेलं पाणी फेकू नका, त्यातच वर घाला. मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन त्या पाण्यात उतरतं. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नको, कांद्याने तिचं रक्त बिघडतं. मोठ्या मांजराला दूधही बऱ्याचदा पचत नाही.

कोणी म्हणेल, जंगलात कोण उकडून देतं? खरंय. म्हणून तर ती उंदीर खाते, ताजा, स्वतः मारलेला. तरीही कच्चं घालायचंच असेल तर माणूस खाईल असं ताजं, स्वच्छ मांस घ्या. वर सांगितल्याच पायऱ्यांनी, नखभर तुकड्यापासून सुरू करा. पिल्लू, गाभण किंवा आजारी मांजराला नकोच. ताटली वेगळी ठेवा, हात धुवा, घरात गरोदर बाई असेल तर तिला हे काम देऊ नका.

कोंबडीच्या दुकानातली घाण तर मुळीच आणू नका. २०२५ च्या सुरुवातीला आपल्याच राज्यात, छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लू सापडला आणि तिथला कोंबडी बाजार बंद करावा लागला. ही फार लांबची गोष्ट नाही.

लांबची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९५० च्या दशकात जपानमध्ये मिनामाता नावाच्या खाडीत एका कारखान्याचं पाऱ्याचं पाणी सोडलं जात होतं. कोळ्यांच्या घरची मांजरं गरगर फिरायला लागली, झटके येऊन मरायला लागली. लोकांना वाटलं मांजरं नाचतायत. १९५६ मध्ये तोच आजार माणसांत अधिकृतपणे नोंदला गेला. मांजर आणि माणूस एकाच पाण्यातला मासा खात होते. मांजर आधी पडलं, एवढाच फरक.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: जो मासा आपण आपल्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, तो मांजरालाही घालू नका. वास मारणारा मासा आणि आतडी घाटावर न टाकता खड्ड्यात पुरा. आणि मांजराने खाणं सोडलं तर "पडलंय, उठेल" म्हणू नका. एका दिवसात डॉक्टरकडे न्या, आणि तिने काय खाल्लं, कुठल्या पाण्यातलं खाल्लं, ते आधी बघा.

रात्री आपण झोपतो तेव्हा आपलं जाळं तीच राखते.