म्हशीचे पंचांग माणसाला नको

परवा औंढ्याकडचे एक शेतकरी मुलाला व सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. लग्नाला तीन वर्षे झाली, पाळणा हललेला नाही. सुनेच्या पिशवीत मेलॅटोनिनच्या गोळ्या निघाल्या. झोपेसाठी विकतात त्याच! सासरे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या औषधानं म्हशी माजावर येतात म्हणे. मग सुनेला का नाही लागू पडायचं?"

प्रश्न भोळा असला तरी त्यात निम्मे सत्य आहे. मेंदूत पिनियल नावाची छोटी ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडते, उजेड झाला की थांबते. येल विद्यापीठातील आरॉन लर्नर यांनी १९५८ साली ते गुरांच्या ग्रंथींतून प्रथम वेगळे केले. रात्र जितकी लांब, तितका वेळ हा स्राव चालतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरात अकरा तासांचा असतो. जनावराला ऋतू कळतो तो या फरकावरून.

म्हैस रात्र वाढू लागली की अधिक माजावर येते. उन्हाळ्यात ती माज दाखवत नाही. त्याला उष्णता आणि चाऱ्याची टंचाईही कारण आहे. कानाच्या कातडीखाली मेलॅटोनिन बसवून उन्हाळ्यात म्हशी माजावर आणण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत, हे खरे.

पण गंमत पाहा. थंड प्रदेशातली मेंढी दिवस लहान होताना माजावर येते, घोडी दिवस मोठे होताना. मेंढी पाच महिने गाभण राहते, घोडी अकरा; पिले मात्र दोघींचीही वसंतात जन्मतात. निरोप एकच, अर्थ निराळा. म्हणजे मेलॅटोनिन हे गर्भ राहण्याचे टॉनिक नव्हे. 'रात्र एवढी लांब आहे' एवढेच ते सांगते. स्त्रीचे बीज तर बाराही महिने, दर महिन्याला तयार होते. तिला ऋतूचा निरोप कशाला हवा?

या गोळ्यांनी मूल होते असा ठोस पुरावा नाही. गरोदरपणात त्या कितपत सुरक्षित, हेही पुरेसे सिद्ध झालेले नाही. माझ्या मते खरे नुकसान वेगळेच आहे. गोळ्या सून खाते, वर्षे निघून जातात, दोषही तिच्याच माथी बसतो आणि मुलाची तपासणी होतच नाही.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांचीही तपासणी करावी. पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिनेच थांबावे. पुरुषाची वीर्यतपासणी साधी व बिनत्रासाची असते. ती आधीच करून घ्यावी. झोप येत नसेल तर रात्री दिवा मालवा, मोबाईल दूर ठेवा. गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून.

सासरे थोडा वेळ गप्प बसले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "चल, आधी तुझी तपासणी करू."