विश्लेषण : परळीच्या धुरावर ‘नोबेल’ पदार्थाचा उतारा चालेल?

रसायनशास्त्राचे २०२५ चे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मिळाले, ते धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळीसाठी. बीड जिल्ह्यातील परळीला या शोधाचे काय? औष्णिक वीज केंद्राच्या धुरामुळे संबंध नक्कीच आहे. मात्र ही जादूची कांडी नव्हे.

हा पदार्थ नेमका काय?

जस्त, तांबे, ॲल्युमिनियम अशा धातूंचे आयन म्हणजे गाठी आणि त्यांना जोडणारे कार्बनी रेणू म्हणजे दांड्या. ही रचना तिन्ही दिशांना जाळीसारखी वाढत जाते, म्हणून ती धातू-सेंद्रिय जाळी (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क). प्रचलित नाव ‘मॉफ’. काही ग्रॅम पदार्थातील छिद्रांचे पृष्ठफळ फुटबॉलच्या मैदानाएवढे भरू शकते. धातू किंवा दांडी बदलली, की अडकणारा वायूही बदलतो.

प्रयोगशाळेबाहेर उपयोग झाला?

होय. जस्ताच्या ‘काल्फ-२०’ची चाचणी कॅनडातील सिमेंट कारखान्याच्या धुरावर झाली. तो कार्बन डायऑक्साइड धरतो. वाफ दिली की सोडतो आणि पुन्हा वापरता येतो. त्यावरील २०२१ च्या ‘सायन्स’मधील शोधनिबंधाच्या सहलेखकांत पुण्यातील ‘आयसर’चे रामनाथन वैद्यनाथन आहेत. म्हणजे या विषयाचे ज्ञान महाराष्ट्रातच आहे.

परळीत अडचण कुठे?

परळीत २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले होते. धुरातील सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या पाण्याने धुणाऱ्या यंत्रणेला भरपूर पाणी लागते. त्यामुळे अशा भागात कोरड्या शोषकाचे मोल अधिक. पण ‘काल्फ-२०’ कार्बनसाठी आहे, सल्फरसाठी नाही. आणि उडणाऱ्या राखेवर कोणत्याच मॉफचा उपाय नाही.

मग करायचे काय?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोठी शहरे आणि अतिप्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या औष्णिक केंद्रांना, धुराड्याच्या उंचीचा निकष पाळल्यास, सल्फरच्या मर्यादेतून सूट दिली. शहरापासून दूर राहणाऱ्यांची फुफ्फुसे काही वेगळी नसतात. ‘महानिर्मिती’ने ‘आयसर’सारख्या संस्थेला सोबत घेऊन परळीच्या एका संचातील थोड्या धुरावर चाचणी करावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत. मात्र उद्याच्या तंत्रज्ञानाची वाट पाहत आजची राख झाकून ठेवू नये. राखेची विल्हेवाट आणि धुराची रोजची आकडेवारी गावकऱ्यांसमोर मांडणे, यासाठी नोबेलची गरज नाही.