पेटी आणि घडी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या वर्गांतील व शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं आपापलीं संकेतस्थळें उभारिलीं आहेत. कोणी त्यांवर आपल्या गांवाची माहिती लिहितो, कोणी तबल्याचे धडे देतो, कोणी विज्ञानाचे प्रयोग करून दाखवितो. ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु ह्या मंडळींकडून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो, तो असा कीं, “सर, स्वतःच्या संकेतस्थळावर चित्रफीत ठेवावयाची तर ती कोणत्या स्वरूपांत ठेवावी?” प्रश्न दिसावयास यंत्रज्ञाचा आहे, आमच्या मतें तो मुळांत शिष्टाचाराचा आहे. पाहुण्यास घरीं बोलवावें आणि उंबरठा मात्र त्याला ओलांडतां येऊं नये इतका उंच ठेवावा, असें कोणी सुज्ञ मनुष्य करीत नाहीं.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. चित्रफितीच्या नांवाच्या शेवटीं एमपीफोर, वेबएम, एमओव्ही अशीं जीं अक्षरें असतात तीं केवळ पेटीचें नांव सांगतात. त्या पेटींत चित्र व ध्वनि हीं एकत्र ठेविलेलीं असतात. आंतील चित्राची घडी कोणत्या रीतीनें घातली आहे, ही गोष्ट निराळी; ह्या रीतीस कोडेक म्हणतात. घडी घातल्यावांचून चित्रफीत दूरवर पाठवितांच यावयाची नाहीं, इतका तिचा विस्तार मोठा असतो. आणि ती रीत पाहणाऱ्याच्या यंत्रास ठाऊक नसेल, तर पेटी दारापर्यंत पोंचूनहि उपयोग होत नाहीं. एका विद्यार्थ्यानें आमच्याकडे तक्रार केली कीं, त्याची फीत त्याच्या फोनवर उत्तम चालते, पण मित्राच्या संगणकावर नुसता आवाज येतो व पडदा काळा राहतो. पाहतों तों फोननें ती एच. २६५ ह्या २०१३ सालच्या रीतीनें साठविली होती. ही रीत जागा कमी घेते, म्हणून पुष्कळ नवे फोन तीच वापरतात. परंतु तिचे हक्क एकाहून अधिक संघांकडे विभागलेले आहेत, आणि ती उलगडणें पुष्कळदां त्या त्या यंत्राच्या अंगच्या सोयीवर अवलंबून असतें. त्यामुळें ती सर्वत्र सारखी चालत नाहीं. मुलानें पेटी पाहिली होती, घडी पाहिली नव्हती.

आतां आमचें मत. ज्यास एकच फीत ठेवावयाची आहे त्यानें एमपीफोर ही पेटी, चित्रासाठीं एच. २६४ व ध्वनीसाठीं एएसी अशी निवड करावी. एच. २६४ ही रीत २००३ सालीं मान्य झाली. ती नवी नाहीं, आणि सर्वांत काटकसरीचीहि नाहीं. परंतु दहा वर्षांच्या जुन्या फोनापासून काल विकत घेतलेल्या संगणकापर्यंत ती जवळजवळ सर्वत्र उलगडते, आणि आमच्या दृष्टीनें हा एक गुण इतर सर्व गुणांहून मोठा आहे. ज्यास अधिक श्रमांची तयारी आहे त्यानें तीच फीत २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एव्ही-१ ह्या रीतीनें वेबएम पेटींतहि ठेवावी. पानावरील व्हिडिओच्या खुणेंत एकाहून अधिक फितींचीं नांवें देतां येतात, आणि ब्राउझर त्यांतील आपणांस चालणारी पहिली उचलतो. सबब एव्ही-१ वर लिहावी, एमपीफोर खालीं लिहावी, व प्रत्येकीचा प्रकार शेजारीं नमूद करावा. नव्या यंत्राच्या धन्याचे पैसे वांचतील. जुन्या यंत्राचा धनी विन्मुख जाणार नाहीं.

आमचे एक सहकारी ह्या मतास विरोध करितात, आणि त्यांचा विरोध हलका नाहीं. ते म्हणतात, “जी रीत पेटंटांनीं बांधलेली आहे ती सार्वजनिक व्यवहाराची भाषा होऊं देणें हेंच चूक. लेखणी आपली, शाई आपली आणि अक्षरांवर मात्र दुसऱ्याचा हक्क, हें कसें चालेल?” ह्या वादाचा इतिहास जाणण्यासारखा आहे. एचटीएमएल ५ च्या मसुद्यांत एके काळीं ऑग पेटी व थिओरा ही मुक्त रीत यांची शिफारस होती. २००७ च्या डिसेंबरांत ती काढून टाकण्यांत आली, आणि २०१४ सालीं मानक पूर्ण झालें तेव्हांहि त्यांत कोणत्याच रीतीचें नांव नव्हतें. पंच निकाल न देतांच उठले असें म्हणण्यास हरकत नाहीं. मध्यंतरीं २०१० सालीं गूगलनें ऑन-टू ही कंपनी विकत घेऊन तिची व्हीपी-८ ही रीत वेबएम पेटीसह सर्वांस मुक्त केली. त्याच वर्षीं एच. २६४ चे परवाने देणाऱ्या एमपीईजी एलए ह्या संस्थेनें जाहीर केलें कीं, जी चित्रफीत इंटरनेटवर प्रेक्षकांस विनामूल्य दाखविली जाते तिच्यावर कधींहि आकार घेतला जाणार नाहीं. पुढें २०१५ सालीं अनेक मोठ्या कंपन्यांनीं एकत्र येऊन अलायन्स फॉर ओपन मीडिया स्थापिली, आणि तिच्या श्रमांतून एव्ही-१ निपजली.

सहकाऱ्यांचें तत्त्व आम्हांस मान्य आहे. मुक्त रीतीसाठीं झगडणारे लोक नसते तर ती २०१० ची सवलतहि कदाचित् मिळाली नसती. परंतु तत्त्वाचा भार कोणीं वाहावयाचा हा प्रश्न उरतोच. आमच्या संकेतस्थळावरील बीजगणिताचा धडा पाहणारी मुलगी बहुधा थोरल्या भावाचा टाकलेला फोन वापरीत असते. तो फोन नव्या रीतीची घडी उलगडूं शकत नसेल, तर आमच्या तत्त्वनिष्ठेचा दंड ती भरते, आम्ही नव्हे. शिवाय पेटंटाची मुदत सामान्यतः वीस वर्षांची असते, एच. २६४ वरील पुष्कळ पेटंटें संपलीं आहेत व उरलेलीं संपत चाललीं आहेत. यास्तव जुनी रीत पायाला व मुक्त रीत तिच्या वर, हीच मांडणी आजच्या काळीं न्याय्य होय. जेव्हां टाकलेले फोनहि एव्ही-१ उलगडूं लागतील, तेव्हां आम्ही आपलें मत आनंदानें बदलूं.

आकारमानाचा विचारहि ह्यांतच येतो. सेकंदास २० लक्ष बिट ह्या दरानें दहा मिनिटांची फीत १५० मेगाबाइट होते. ८० लक्ष बिटांच्या दरानें तीच ६०० होते. शंभर जणांनीं ती पाहिली तर पहिलीचे १५ गिगाबाइट, दुसरीचे ६०. फळ्यावर गणित सोडविणाऱ्या शिक्षकाचें चित्र ७२० रेघांत व पहिल्या दरानें पुरेसें स्पष्ट दिसतें. अधिकाचा खर्च आपल्याहि माथीं व पाहणाऱ्याच्याहि माथीं. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. एमपीफोर पेटीची अनुक्रमणिका पुष्कळदां शेवटीं लिहिलेली असते, कारण ती चित्रण पूर्ण झाल्यावरच तयार होते; तशीच ठेविली तर फीत सुरू होण्यास विलंब लागतो. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग ह्या विनामूल्य साधनांनीं ती आरंभीं आणतां येते. एवढें केल्यास पाहणारा खोळंबत नाहीं.

येथपर्यंत आम्ही उपदेशकाच्या भूमिकेवरून बोललों. आतां आमचा अपराध सांगतों. २००८ सालीं आम्ही नवखे शिक्षक असतां आमच्या एका वडील सहकाऱ्यांचा निरोपसमारंभ झाला. त्यांनीं त्या दिवशीं अर्धा तास भाषण केलें, मुलांस हंसविलें, आणि शेवटीं स्वतःच रडले. आम्हीं त्याचें चित्रण करून त्या काळच्या रिवाजाप्रमाणें फ्लॅशच्या स्वरूपांत आपल्या संकेतस्थळावर ठेविलें. मूळ टेपेवर मात्र, ‘आतां तिचा काय उपयोग?’ असें म्हणून, क्रीडास्पर्धांचें चित्रण केलें. २०२० च्या डिसेंबर अखेर फ्लॅशचा आधार संपला, आणि पुढल्याच महिन्यांत त्याचे खेळहि बंद झाले. २०२१ सालीं ते गुरुजी वारले. त्यांच्या कन्येचें पत्र आलें : “सर, बाबांचा आवाज ऐकावयाचा होता, पण त्या पानावर नुसता राखाडी चौकोन दिसतो.”

फीत मुळीं नष्ट झाली नव्हती. जुनी पेटी खटपट करून उघडतां आली, व घडी बदलून तीस एमपीफोरमध्यें घालतां आलें. परंतु जागा वांचविण्यासाठीं आम्हींच तिचें चित्र ३२० बाय २४० ठिपक्यांपर्यंत आकसविलें होतें. गुरुजींचा आवाज राहिला. चेहरा धूसर झाला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलें आम्हांस आठवतें, म्हणून त्या फितींत तें आहे असें आम्हांस वाटतें. त्यांच्या नातवंडांस तें दिसत नाहीं. गेलेलें तें कोणत्याहि नव्या रीतीनें परत यावयाचें नाहीं. कन्येनें आमचे आभार मानले. ते स्वीकारतांना आमची मान खालीं गेली.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, दोन गोष्टी निराळ्या ठेवा. संकेतस्थळावर ठेवितां ती प्रत पाहुण्यासाठीं आहे. ती त्याच्या सोयीची असावी, आणि काळ बदलेल तशी बदलावी. फोननें किंवा कॅमेऱ्यानें दिलेली मूळ प्रत ही ठेव आहे. ती आहे तशी, न आकसवितां, दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपून ठेवावी. कोणी म्हणतील, एवढी यातायात कशाला, एखाद्या मोठ्या चित्रफीतगृहाच्या हवालीं केली कीं झालें. तें करण्यास आमची ना नाहीं. प्रेक्षक तेथें अधिक मिळतात, व घडीची चिंता तेच वाहतात. परंतु तेथें नियम त्यांचे, जाहिराती त्यांच्या, आणि ठेव मागावयास गेल्यावर परत मिळते ती त्यांनीं पुन्हां घडी घातलेली प्रत असण्याचा संभव. मूळ प्रत आपल्याच घरीं हवी.

कोणती रीत सर्वांत उत्तम हा वाद यंत्रज्ञ चालवोत. तुम्ही फीत ठेविल्यावर एक दिवस घरांतला सर्वांत जुना फोन घ्या, आजीच्या हातीं द्या, आणि तिला ती उघडतां येते काय तें पाहा. उघडली तर निवड योग्य झाली असें समजावें.