कुरडईची भाजी आणि 'जापचे'

गेल्या सत्रात अनुवादाच्या तासाला आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक कोरियन पाककृती मराठीत आणायला दिली. पदार्थ 'जापचे': रताळ्याच्या सत्त्वाच्या पारदर्शक शेवया, मांस आणि भाज्या निरनिराळ्या परतून, सोया सॉस व तिळाच्या तेलात एकत्र केलेल्या. बहुतेकांनी 'काचेचे नूडल्स' असे लिहिले. आम्ही हसलो, पण मग मराठी शब्द कोणता, या प्रश्नावर वर्ग गप्प झाला आणि प्रांजळपणे सांगायचे तर आम्हा दोघांनाही तो सुचला नाही.

सुचला तो स्वयंपाकघरात. भिवंडीतल्या घरी एका रविवारी आम्ही तीच कृती करून पाहिली. मूळ पदार्थात बहुधा गोमांस असते. आम्ही कोंबडी घेतली. करड्या, ताठ शेवया उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटांत नितळ झाल्या आणि आमच्यापैकी एकीला खानदेशातले आजोळ आठवले. तिथे वाळलेल्या कुरडया पाण्यात भिजवून, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतून भाजी करतात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून त्यांचा चीक काढायचा, तो गुठळी होऊ न देता हाटायचा, सोऱ्यातून पाडायचा आणि उन्हात वाळवायचा. धान्याचे असो वा कंदाचे, सत्त्व काढून त्याचे तंतू करण्याची ही विद्या आपल्या घरातच होती. तिच्यासाठी लागणारी भाषाही होती.

म्हणून 'हे सारे आमच्याकडे आधीपासूनच होते' असे म्हणण्याचा मोह आम्हाला नाही. गव्हाचा चीक आणि रताळ्याचे सत्त्व यांची चव व लवचीकपणा वेगळा. कुरडईच्या भाजीला 'जापचे' म्हणणे ही दोन्ही पदार्थांची फसवणूक होईल. आमचा आक्षेप उलट बाजूच्या आळसाला आहे. परकी वस्तू समोर आली की आपली भाषा तिला अपुरी पडणार, असे आपण न तपासताच गृहीत धरतो.

या बाबतीत कोरियन उदाहरण उद्बोधक आहे. 'जापचे' याचा अर्थच मिसळलेल्या भाज्या. सतराव्या शतकाच्या आरंभी ग्वांगहेगुन राजाच्या दरबारात हा पदार्थ आला असे सांगतात, तेव्हा त्यात शेवया नव्हत्याच. त्या विसाव्या शतकात आल्या. त्यांचे नाव 'दांगम्यन', म्हणजे शब्दशः चिनी शेवया. उसनवारी नावातच कबूल केली. पण ती केली स्वतःच्या भाषेत. ज्याला आपण 'अस्सल मूळ' समजून बिचकतो, ते असे थरांनी घडलेले असते.

लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. पाककृतीचे गद्य मराठीत शंभराहून अधिक वर्षांचे आहे. मात्र गद्याच्या अभ्यासक्रमात त्याला क्वचितच जागा मिळते. परिणामी हाटणे आणि परतणे यांतला भेद जाणणारा विद्यार्थी दुर्मीळ होत चालला आहे. वाळवणे विकत मिळू लागल्यावर चीक, सोऱ्या हे शब्द कोशात उरतील. पण कोशात उरलेला शब्द अनुवादकाला ऐन वेळी आठवत नाही, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

पुढच्या सत्रात तोच उतारा पुन्हा देणार आहोत. त्याआधी प्रत्येकाने घरच्या थोरांना विचारून कुरडईची किंवा शेवयांची कृती लिहून आणायची. यंत्रमागांच्या निमित्ताने या गावात आलेल्या तेलुगू आणि उर्दू घरांतली मुलेही आमच्या वर्गात आहेत. त्यांच्या वहीत आम्हाला ठाऊक नसलेले शब्द येतील. त्यानंतर वर्ग 'दांगम्यन'ला काय म्हणतो, ते पाहू. 'रताळ्याच्या सत्त्वाच्या शेवया' एवढे जरी आले, तरी आम्ही पूर्ण गुण देऊ.