कापराची गिरकी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली आली, झाकण उघडले आणि डांबराच्या गोळ्यांचा ओळखीचा वास घरभर पसरला. पैठणी आमच्या सौ.ने ताब्यात घेतली. नववीतली कन्या मात्र विज्ञानाच्या पुस्तकातून डोके वर काढून म्हणाली, “बाबा, उष्णतेने सगळ्याच वस्तू सगळ्या बाजूंनी सारख्या फुगतात का?”

“हो तर!” मी म्हणालो. “पुस्तकात आहे तेच लिही.”

मराठी शिकवणाऱ्याने इतक्या ठामपणे बोलावे, याला कारण होते. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेचे वळण लवकर जात नाही) लहानपणी मी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली होती. लोखंडी कडे लाकडी चाकापेक्षा किंचित लहानच ठेवायचे. गोवऱ्यांच्या आरात ते लाल झाले की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे आणि वर पाणी ओतायचे. चर्र आवाज, धूर, आणि चाक करकचून आवळलेले! चार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली, तर तिचा घेर सुमारे अडीच सेंटीमीटर वाढतो. लोहाराने तो हिशेब कागदावर कधी मांडला नाही, पण त्याचे माप चुकत नसे.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना ऐकवले. ते हसून म्हणाले, “अहो, लोखंडावरून जगाची परीक्षा करू नका! घरातला कापूर पाहिलात का कधी?”

मग चहा निवेपर्यंत त्यांनी जे सांगितले ते असे. लोखंडाच्या कणात अणू लाडवांच्या राशीसारखे रचलेले असतात. तापले की ते जोराने थरथरतात, एकमेकांना दूर रेटतात आणि तिन्ही दिशांना सारखी वाढ होते. पण साखर, नॅप्थॅलीन, कापूर यांचे स्फटिक अणूंचे नव्हेत, रेणूंचे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यातून १९५० पासून पोत्यांनी निघणाऱ्या साखरेचा दाणा घ्या, नाही तर ट्रंकेतली गोळी घ्या. रेणूच्या आतली गाठ पक्की, पण शेजाऱ्याशी धरलेला हात सैल. तो सैल म्हणूनच गोळी दिसामासाने विरते आणि तिचा वास आपल्यापर्यंत पोचतो. म्हणूनच असे स्फटिक उष्णतेने लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक फुगतात.

शिवाय प्रत्येक रेणूला स्वतःचा आकार असतो. नॅप्थॅलीनचा रेणू चपटा, चिरोट्यासारखा. हे रेणू स्फटिकात कसे बसले आहेत, ते केदारेश्वर बॅनर्जी या आपल्याच शास्त्रज्ञाने १९३० साली कलकत्त्यात शोधून काढले. चपटा रेणू तापला की नुसता थरथरत नाही, डुलतोही. आणि डुलणाऱ्याला सगळ्या बाजूंनी सारखी जागा लागत नाही. त्यामुळे स्फटिक एका दिशेने जास्त वाढतो, दुसऱ्या दिशेने कमी. कापराचा रेणू गोलसर. तो जागा न सोडता जागच्या जागी गिरक्या घेतो, म्हणून कापूर बोटाखाली मऊ लागतो. शून्याच्या बऱ्याच खाली थंड केला की गिरकी थांबते आणि रेणू दाटीने बसतात. पुन्हा ऊब मिळाली की गिरकी सुरू आणि स्फटिक फुगलाच!

याहून मौज पुढेच आहे. कापड बाजारातल्या दुकानांना ओढून घ्यायची लोखंडी जाळीची दारे आपण पाहिली असतील. दार ओढले की जाळीतले शंकरपाळे आडवे रुंदावते आणि उभे आखडते. काही स्फटिकांत रेणूंची मांडणी अशीच असते. उष्णतेने रेणू कलले की एक बाजू वाढते आणि दुसरी चक्क आखूड होते! २०१० साली दिनबंधु दास, टिया जेकब्स आणि लेनर्ड बार्बर या संशोधकांनी असाच एक सेंद्रिय स्फटिक जगापुढे मांडला. तापवल्यावर तो एका दिशेने लोखंडाच्या दहापटींहून कितीतरी अधिक वाढत होता आणि उरलेल्या दोन दिशांनी आकसत होता.

संध्याकाळी मी कन्येला जवळ बोलावले. “काल मी सांगितलेले उत्तर चुकले,” म्हणालो आणि सारे समजावून दिले. वर्गात मुलांना ‘प्रश्न विचारा’ म्हणून आग्रह करणारा मी, घरातल्या प्रश्नाला मात्र पुस्तकाचे झाकण घालून मोकळा झालो होतो. त्याची खंत होतीच.

तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग परीक्षेत काय लिहू?”

आता आली का पंचाईत! क्षणभर थांबून म्हणालो, “आधी नियम लिही. मग तो कुठे पुरत नाही, तेही लिही.”

“आणि मार्क कापले तर?”

“ते माझ्या खात्यावर मांड.”

लक्ष्मीपूजनाचे तबक तयार होत होते. तिने त्यातली कापराची वडी उचलली, बोटाने किंचित दाबून पाहिली आणि हळूच परत ठेवली.